डाउनहिल सायकलच्या फोर्कसाठी स्प्रिंग किती कडक घ्यावी?

मुरूमवाट (प्रश्न)

नमस्कार. माझ्या डाउनहिल (तीव्र उतार उतरण्याच्या) सायकलला दुहेरी क्राउनचा (नळ्या धरणारे दोन आडवे जोड असलेला), २०० मिलिमीटर ट्रॅव्हलचा (म्हणजे तेवढा दबणारा) आणि कॉइल, म्हणजे वेटोळ्यांच्या, स्प्रिंगचा जुना रॉकशॉक्स बॉक्सर फोर्क (पुढचे चाक धरणारा आणि धक्के झेलणारा भाग) आहे. तो ३५ मिलिमीटर व्यासाच्या नळ्यांच्या पिढीतला, म्हणजे २०१० च्या मॉडेलपासून आलेला आहे. फोर्क वापरलेला घेतल्यामुळे आत नेमकी कोणती स्प्रिंग आहे हे विकणाऱ्यालाही सांगता आले नाही, आणि स्प्रिंगवरचा रंगाचा पट्टा ओळखता येणार नाही इतका पुसला गेला आहे.

माझे वजन ६८ किलो आहे. पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, अंगावरची कवचे, बूट आणि पाणी धरून ते ७४ किलो भरते. सायकल साडेसोळा किलोची आहे आणि हेड अँगल (फोर्कच्या अक्षाचा जमिनीशी कोन) ६३ अंश आहे. प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) अजिबात न देता, पॅडलवर उभे राहून, सपाट जमिनीवर सॅग (माझ्या वजनाने फोर्क किती दबतो ते) मोजला तेव्हा तो ४८ मिलिमीटर, म्हणजे २४ टक्के आला. डाउनहिल फोर्कसाठी १५ ते २० टक्के सॅग योग्य मानतात, म्हणून स्प्रिंगच्या वर एकूण १० मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकच्या चकत्या घातल्या आणि सॅग ३८ मिलिमीटरवर आणला.

आता आकडा योग्य दिसतो, पण फोर्कचे वागणे मनासारखे नाही. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर मी ज्या वाटांनी उतरतो त्या मुरमाच्या आणि सुट्या दगडांच्या आहेत, आणि मध्येमध्ये बसाल्टच्या उघड्या पायऱ्या लागतात. बारीक दगडांवर हँडल पूर्वीपेक्षा जास्त थरथरते. उलट तीव्र उतारावर पुढचा ब्रेक धरला की पुढचा भाग अजूनही खोल बसतो, आणि मोठ्या पायरीवरून उडी घेतली की फोर्क तळाला आदळतो. एकाच वेळी कडक आणि मऊ, असा हा विचित्र अनुभव आहे. अशा वेळी कडक स्प्रिंग घ्यावी की लो-स्पीड कॉम्प्रेशन (फोर्क हळू दबतानाचा डॅम्परचा विरोध) वाढवून पाहावे? आणि स्प्रिंग बदलायची झाल्यास एक पायरी वर जावे की दोन, हे कोणत्या आधारावर ठरवावे? ऑक्टोबरमध्ये मनालीला जाण्याचा विचार आहे, त्यापूर्वी हे मार्गी लागावे अशी इच्छा आहे.

तेलपाणी (प्रतिसाद)

आपण माहिती नीट दिली आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी फोर्कची दुरुस्ती आणि देखभाल करतो. माझी पहिली विनंती अशी की, स्प्रिंगचा विचार करण्यापूर्वी घर्षणाचा विचार करावा. वापरलेल्या फोर्कमध्ये खालच्या पायांतले (चाकाला जोडलेल्या बाहेरच्या नळ्यांतले) तेल बहुधा आटलेले असते, धूळरोधक सील कोरडे असतात आणि बुशिंगवर (नळ्या ज्यांतून सरकतात त्या कड्यांवर) मुरमाची बारीक पूड साचलेली असते. असा फोर्क बारीक धक्क्याला हलतच नाही, त्यामुळे त्याची स्प्रिंग कडक आहे असे वाटते. शिवाय सॅगचा आकडाही भरवशाचा राहत नाही.

घर्षण किती आहे हे सॅग दोन प्रकारे मोजल्यास कळते. नळीला एक केबल टाय सैलसर बांधा. सोबत्याला मागचा ब्रेक धरून सायकल सरळ उभी धरायला सांगा आणि उतरताना जसे उभे राहता तसेच, कोपर वाकवून, पॅडलवर उभे राहा. प्रथम फोर्क जोराने दाबून हळूहळू वर येऊ द्या आणि तो जिथे थांबेल ती जागा मोजा. नंतर सोबत्याने हँडल वर उचलून हळूहळू खाली सोडावे आणि फोर्क थांबेल ती जागा पुन्हा मोजावी. पहिला आकडा मोठा येईल, दुसरा लहान. खरा सॅग दोहोंच्या सरासरीच्या जवळ असतो. दोहोंतले अंतर १२ ते १५ मिलिमीटरच्या वर गेले तर स्प्रिंग मागवू नका, आधी फोर्क उघडून स्वच्छ करा, सील आणि तेल बदला. घट्ट झालेल्या फोर्कवर मोजलेल्या सॅगच्या आधारे निवडलेली स्प्रिंग सर्व्हिसिंगनंतर हमखास चुकीची ठरते.

रंगाच्या पट्ट्याबद्दल एक सूचना. रंगांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, आणि पूर्वीच्या मालकाने दुसऱ्याच फोर्कची स्प्रिंग बसवलेली असण्याची शक्यताही नाकारता येत नाही. त्यामुळे पट्टा स्पष्ट असता तरी मी स्प्रिंग मोजूनच घेतली असती. ती काट्यावर मोजता येते, पण एवढी लांब आणि सडपातळ स्प्रिंग दाबताना मध्येच वाकून उडते आणि इजा होऊ शकते. म्हणून आत सळई आणि बाहेर नळी असा आधार दिल्याशिवाय हा प्रयोग घरी करू नये. भोसरी-चिंचवड पट्ट्यात स्प्रिंग तपासण्याचे यंत्र असलेले लघुउद्योग आहेत, तिथे हे काम काही मिनिटांत होते.

न्यूटन_मीटर (प्रतिसाद)

वरील सूचना योग्यच आहेत. फोर्क एकाच वेळी कडक आणि मऊ का वाटतो, या प्रश्नाचे उत्तर प्रीलोडमध्ये आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

स्प्रिंगचा कडकपणा म्हणजे ती एक मिलिमीटर दाबण्यासाठी लागणारे वाढीव बल. तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास, मोकळ्या वेटोळ्यांची संख्या आणि धातू या चार गोष्टींनी तो ठरतो, आणि चकत्या घातल्याने यांतली एकही बदलत नाही. यांपैकी जाडीचा प्रभाव सर्वांत मोठा असतो, कारण कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो: बाकी सर्व तेच ठेवून तार ५ ऐवजी ५.५ मिलिमीटरची घेतली तर स्प्रिंग सुमारे ४६ टक्के कडक होते. म्हणूनच दोन स्प्रिंगा शेजारी ठेवून नुसत्या नजरेने तुलना करणे फसवे ठरते.

आता आपल्या आकड्यांकडे येऊ. चाके आणि फोर्कचे खालचे पाय वगळता सायकलचा स्प्रिंगवर तोललेला भाग साधारण १२ किलोचा धरू. आपले ७४ मिळवून ८६ किलो होतात. उतरण्याच्या पवित्र्यात, सपाटीवर, यांतले सुमारे ३६ किलो पुढच्या चाकावर येतात असे मानले, तर ते ३५३ न्यूटन झाले. फोर्क तिरका असल्यामुळे त्याच्या अक्षाच्या दिशेने यातले सुमारे ३१५ न्यूटन लागू पडतात. एवढ्या बलाने ४८ मिलिमीटर दबणारी स्प्रिंग ६.६ न्यूटन प्रति मिलिमीटरच्या आसपासची, म्हणजे जुन्या तक्त्यांच्या भाषेत इंचाला साडेसदतीस पौंडांची असली पाहिजे. पुढच्या चाकावरचा वाटा मी अंदाजाने धरला आहे, म्हणून यंत्रावरच्या मोजणीत थोडा फरक पडेल. पण तुलनेसाठी हा आकडा पुरेसा आहे.

१० मिलिमीटर प्रीलोड दिल्यावर काय झाले? फोर्क पूर्ण वर असतानाच स्प्रिंग ६६ न्यूटनने दबून बसली आहे. चाकावर एवढे बल येईपर्यंत, शिवाय सीलचे घर्षण ओलांडेपर्यंत, फोर्क हलणारच नाही. दगडावरून उतरताना चाक हलके होते तेव्हा फोर्क या कडक टोकाशी येऊन थांबतो, आणि पुढच्या दगडाचा धक्का सरळ हातात येतो. आपली थरथर इथून येते. उलट दुसऱ्या टोकाला, पूर्ण २०० मिलिमीटर दबल्यावर, बल १,३१२ न्यूटनवरून १,३७८ वर गेले, म्हणजे जेमतेम ५ टक्के वाढले. मोठ्या उडीला आवश्यक असलेला आधार त्यातून मिळाला नाही. सॅगचा आकडा सुधारला. पण सुरुवात बिघडली आणि शेवट जवळजवळ जिथल्या तिथे राहिला.

याउलट ७.३ न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग घेऊन तिला ५ मिलिमीटर प्रीलोड दिला, तर सॅग तोच ३८ मिलिमीटर येतो, सुरुवातीचा अडथळा ६६ वरून ३७ न्यूटनवर उतरतो आणि तळाचे बल १,४९७ न्यूटनपर्यंत चढते. तोच सॅग, पण वागणूक पूर्ण वेगळी. प्रीलोड शून्य ठेवून तोच सॅग हवा असल्यास ८.३ न्यूटनची स्प्रिंग लागेल आणि तळाला १,६६० न्यूटन मिळतील. माझे मत असे की, बारीक जुळवणीसाठी ३ ते ५ मिलिमीटर प्रीलोड पुरे. त्याहून जास्त लागत असेल तर स्प्रिंग बदलण्याची वेळ आली असे समजावे.

लो-स्पीड कॉम्प्रेशनबद्दल: डॅम्पर, म्हणजे फोर्कमधली तेलाची यंत्रणा, हालचालीच्या वेगाला विरोध करतो. फोर्क किती वेगाने बसेल हे तो ठरवतो. स्थिर भार टिकून राहिला तर शेवटी किती खोल बसेल हे स्प्रिंगच ठरवते. क्षणभराच्या ब्रेकने होणारी डुबकी कॉम्प्रेशन वाढवून आटोक्यात येईल. लांब, तीव्र उतारावर ब्रेक सतत धरलेला असताना मात्र फोर्क हळूहळू त्याच खोलीवर जाऊन बसेल, आणि वाढवलेल्या कॉम्प्रेशनमुळे बारीक दगडांवरची थरथर उलट वाढेल.

एक गोष्ट अपेक्षा वास्तवात राहाव्यात म्हणून सांगतो. ८६ किलो वजन एक मीटर खाली येते तेव्हा सुमारे ८४० जूल ऊर्जा मोकळी होते. आपली सध्याची स्प्रिंग पूर्ण दबताना, प्रीलोड धरून, सुमारे १४४ जूल साठवते, ८.३ न्यूटनची स्प्रिंगही १६६ च्या वर जात नाही. उरलेली ऊर्जा मागचे सस्पेन्शन, डॅम्पर, टायर, उतरणीचा उतार आणि मुख्यतः आपले हातपाय घेतात. त्यामुळे सपाट जागी पडणाऱ्या उडीत फोर्क तळाला कधीच लागू नये, या हट्टाने स्प्रिंग निवडू नये. सर्वांत अवघड जागी क्वचित तळ गाठणारा फोर्क योग्य जुळलेला असतो.

वेस्टकोस्ट_मराठी (प्रतिसाद)

मी व्हँकुव्हरला राहतो आणि उन्हाळ्यात व्हिसलरच्या बाइक पार्कमध्ये सायकल चालवतो. वरचे गणित मला मान्य आहे. पण सगळे आकडे सपाटीवरचे आहेत आणि आपण सायकल चालवतो उतारावर, म्हणून तीव्र उताराचा विचार स्वतंत्रपणे व्हायला हवा असे मला वाटते.

वीस अंशांच्या उतारावर ब्रेक धरून वेग कायम ठेवला तर भार मोठ्या प्रमाणात पुढे सरकतो. त्यातच हेड अँगल आडवा असल्यामुळे ब्रेकचे बलही अंशतः फोर्क दाबण्याच्या दिशेने लागते. आपण शरीर मागे नेऊन यातला काही भाग परत घेतो. तरीही फोर्कवरचे बल सपाटीच्या दीडपट ते दुप्पट होणे स्वाभाविक आहे. १.७ पट धरले तर आपला सध्याचा फोर्क ७२ मिलिमीटरवर, ७.३ ची स्प्रिंग ६८ वर आणि ८.३ ची ६५ च्या आतबाहेर उभी राहील. म्हणजे दोन टोकांच्या स्प्रिंगांमध्ये जेमतेम सात-आठ मिलिमीटरांचा फरक आहे. हा फरक चालवताना जाणवतो, यात शंका नाही. पण तीव्र उतारावर पुढचा भाग खोल वाटण्याची तक्रार केवळ स्प्रिंगने मिटेल असे मानू नये.

दुहेरी क्राउनच्या फोर्कवर त्याहून सोपा आणि बिनखर्चाचा उपाय उपलब्ध आहे, त्याचा उल्लेख कुणी केला नाही म्हणून सांगतो. नळ्या क्राउनमध्ये किती वर किंवा खाली धरायच्या हे आपल्या हातात असते. बऱ्याच सायकलींवर नळ्यांची टोके वरच्या क्राउनच्या बरीच बाहेर आलेली दिसतात. अशा वेळी नळ्या ८ ते १० मिलिमीटर खाली घेतल्या तर पुढचा भाग तेवढा उंच होतो आणि स्प्रिंगला हातही न लावता तीव्र उतारावर आत्मविश्वास परत येतो. सव्वा मीटर व्हीलबेस (दोन चाकांच्या आसांमधले अंतर) असलेल्या सायकलवर १० मिलिमीटरने हेड अँगल सुमारे ०.४ अंशांनी बदलतो. निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेच्या बाहेर कधीही जाऊ नका आणि क्राउनचे बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा. विशेषतः नळ्या वर सरकवताना, म्हणजे पुढचा भाग खाली आणताना, स्प्रिंग काढून फोर्क पूर्ण दाबून पाहा आणि टायर खालच्या क्राउनला किंवा फ्रेमला घासत नाही याची खात्री करा. ही तपासणी टाळणे धोक्याचे आहे, कारण पूर्ण वेगात चाक अडकले तर सावरायला वेळ मिळत नाही.

आता स्प्रिंगच्या निवडीकडे. एकाच माणसाला दोन वेगळ्या वाटांसाठी दोन वेगळ्या स्प्रिंगा योग्य ठरू शकतात. व्हिसलरची ए-लाइन यंत्राने बांधलेली, मोठ्या उड्यांची आणि गुळगुळीत वळणांची वाट आहे. तिथे कडक स्प्रिंग उडीच्या चढाच्या टोकावर आणि वळणात उत्तम आधार देते. त्याच डोंगरावरच्या मुळे आणि खडक असलेल्या जुन्या वाटांवर तीच स्प्रिंग हात थकवते आणि चाकाची पकड कमी करते. विश्वचषकाच्या मार्गांमध्येही हा भेद दिसतो: इटलीतल्या वाल दी सोलेचा मार्ग तीव्र, मुळांचा आणि खाचखळग्यांचा, तर स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमला वरचा खडकाळ भाग सहन करून खालच्या वेगवान उड्याही घ्याव्या लागतात. आपली वाट मुरमाची आणि सुट्या दगडांची आहे. अशा जमिनीवर पुढच्या चाकाने पकड सोडणे हा सर्वांत मोठा धोका आहे, म्हणून ८.३ पर्यंत न जाता ७.३ च्या आसपास थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. डोक्यात फक्त उड्या ठेवून दोन पायऱ्या वर गेलात तर उड्या सुधारतील आणि बाकीची सगळी वाट बिघडेल.

न्यूटन_मीटर (प्रतिसाद)

सहमत. नळ्यांच्या उंचीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. फक्त एक सावधगिरी सुचवतो: स्प्रिंग आणि उंची एकाच दिवशी बदलू नका, नाहीतर कशामुळे काय सुधारले हे कळणार नाही.

मुरूमवाट (प्रतिसाद)

सर्वांचे मनापासून आभार. तेलपाणी यांनी सांगितल्याप्रमाणे फोर्क उघडला. खालच्या पायांत तेल जवळजवळ नव्हते आणि सीलच्या आतला फोम कोरडा होता. सील, फोम आणि तेल बदलून, चकत्या पूर्ण काढून पुन्हा सॅग मोजला: दाबून सोडल्यावर ५१ आणि उचलून सोडल्यावर ४५, म्हणजे सरासरी ४८ मिलिमीटर. स्प्रिंग भोसरीत यंत्रावर तपासून घेतली, ती ६.५ न्यूटन प्रति मिलिमीटर निघाली. अंदाज इतका जवळ आल्याचे पाहून आनंद झाला.

त्याच आकाराची, पण ७.३ न्यूटन प्रति मिलिमीटर कडकपणाची स्प्रिंग एका सायकलस्वाराकडे मिळाली आणि तीही तपासूनच घेतली. ४ मिलिमीटर प्रीलोडवर सॅग ३९ आला. बारीक दगडांवरची थरथर स्पष्टपणे कमी झाली आहे आणि नेहमीच्या पायरीवर फोर्क तळाला न लागता अंदाजे १५ मिलिमीटर आधी थांबतो. तीव्र उतारावरची डुबकी थोडी कमी झाली, पण गेलेली नाही. नळ्या अजून हलवलेल्या नाहीत. मात्र सलग दगडांच्या पट्ट्यात आता पुढचे चाक उसळल्यासारखे वाटते. रिबाउंडची (दबलेला फोर्क परत वर येण्याच्या वेगाची) जुळवणी पूर्वीच्याच जागी आहे. रिबाउंड किती बदलावा? आणि मनालीच्या उंचीचा कॉइल फोर्कवर काही परिणाम होतो का?

तेलपाणी (प्रतिसाद)

स्प्रिंग कडक झाली की ती परतही जास्त जोराने फेकते, त्यामुळे रिबाउंड थोडा हळू करणे आवश्यकच होते. स्प्रिंग १२ टक्के कडक झाली असेल तर तोच तोल राखण्यासाठी रिबाउंडचे डॅम्पिंग त्याच्या निम्मे, म्हणजे सुमारे ६ टक्के वाढवावे लागते. नॉबवर हे बहुधा एक क्लिक, फार तर दोन. एक क्लिक हळू करून तोच दगडांचा पट्टा पुन्हा उतरा. दोन क्लिकच्या पुढे जाऊ नका, कारण रिबाउंड फार हळू झाला तर एका दगडावर दबलेला फोर्क दुसऱ्या दगडापूर्वी वर येत नाही, प्रत्येक धक्क्यासरशी आणखी खाली बसत जातो आणि स्प्रिंग मऊ आहे असा चुकीचा निष्कर्ष निघतो. पट्ट्याच्या सुरुवातीला ठीक आणि शेवटी कडक व खोल वाटणारा फोर्क दिसला, तर रिबाउंड आधी वेगवान करून पाहायचा, हे लक्षात असू द्या.

उंचीचा परिणाम कॉइल स्प्रिंगवर होत नाही, परंतु खालच्या पायांत अडकलेल्या हवेवर होतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि मनाली सुमारे २,०५० मीटरवर, त्यामुळे बाहेरच्या हवेचा दाब तिथे साधारण सहाव्या हिश्श्याने कमी असतो. पुण्यात बंद झालेली हवा तिथे आतून ढकलू लागते, सील बाहेरच्या बाजूला ताणले जातात आणि सुरुवातीच्या हालचालीत घर्षण वाढते. फॉक्स कंपनीच्या ‘४०’ या मॉडेलसारख्या फोर्कवर ही हवा सोडण्यासाठी बटणे असतात. आपल्या फोर्कवर ती नाहीत, म्हणून मनालीला पोहोचल्यावर सायकल उभी करून, फोर्क पूर्ण वर असताना, पातळ केबल टायचे गुळगुळीत टोक तेलात बुडवून धूळरोधक सीलच्या आत अलगद सरकवा. हवा सुटल्याचा बारीक आवाज येईल. मग टाय काढून सील पुसून घ्या. टोकाला धार असेल तर सीलच्या ओठाला चीर जाते, म्हणून ते आधी पॉलिश पेपरने घासून घ्या. दोन्ही पायांना हे करा, आणि परत पुण्याला आल्यावरही पुन्हा करा.

नळ्या हलवायच्या असतील तर ते काम मनालीला जाण्यापूर्वी, ओळखीच्या वाटेवर करा. प्रथम ५ मिलिमीटर खाली घेऊन तीव्र उतार पाहा. तेवढ्याने भागत असेल तर तिथेच थांबा, कारण पुढचा भाग जितका उंच तितका सपाट वळणांत पुढच्या चाकावरचा भार कमी होतो, आणि मुरमावर तो भार आपल्याला हवाच आहे.